चेंबरचं ठिगळ

ट्रकच्या इंजिनाच्या तळाशी, चासीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध, बोल्टांच्या रांगेने आवळलेलं एक खोलगट भांडं असतं. इंजिनाचं सगळं ऑइल त्यात साठतं. पंप ते गाळणीतून वर ओढतो, क्रँकच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना पोचवतो, आणि काम झालं की ते ओघळून पुन्हा याच भांड्यात येतं. गॅरेजात त्याला चेंबर म्हणतात. त्यात स्वतःहून हलणारा एकही भाग नाही. पण तो फुटला आणि ड्रायव्हरची नजर ऑइलच्या काट्याकडे जायला उशीर झाला, तर काही मिनिटांत बेअरिंग पकडतं, क्रँकवर चरे पडतात आणि थोडक्यात निभावलं असतं त्या कामासाठी सगळं इंजिन खाली उतरवावं लागतं. स्वातंत्र्यानंतरची तीन-चार दशकं भारतातल्या रस्त्यांवर असा फुटलेला चेंबर सहसा टाकून दिला जात नसे. तो उतरवायचा, धुवायचा, वेल्ड करायचा आणि पुन्हा चढवायचा, अशी रीत होती. आज नव्या ट्रकचा चेंबर फुटला तर तो सरळ बदलला जातो. या बदलाची दोन कारणं नेहमी सांगितली जातात. एक असं, की पूर्वी पैसा नव्हता म्हणून लोक जुगाड करत, आता पैसा आला. दुसरं असं, की नवी यंत्रं रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या आवाक्याबाहेर गेली. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण इतिहास नीट लावून पाहिला तर दोन्ही तोकडी पडतात. चेंबरला ठिगळ लावण्याचं कसब एका यंत्राच्या दीर्घ स्थैर्यावर उभं राहिलं होतं, आणि ते स्थैर्य गेलं तेव्हा ते कसब निराधार झालं, असं माझं म्हणणं आहे.

आधी यंत्राकडे पाहू. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात इंजिनाखाली ऑइलचा मोठा साठा असलाच पाहिजे असं नव्हतं. कित्येक इंजिनांत ऑइल थेंबाथेंबाने सोडलं जाई आणि वापरून झालं की धुरावाटे किंवा रस्त्यावर निघून जाई. पुढे क्रँककेसच्या तळाशी ऑइल ठेवून फिरत्या भागांनी ते उडवायची पद्धत आली. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये तीच होती. डिझेलचं त्यावर भागणार नव्हतं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये आउग्सबर्गला यशस्वीपणे चाललं, पण ते ट्रकवर चढायला पाव शतक जावं लागलं. बेन्झचा डिझेल ट्रक १९२३ चा आणि एमएएनचा १९२४ चा. या इंजिनात सिलिंडरमधला दाब मोठा, त्यामुळे बेअरिंगांवरचा भारही मोठा. तिथे ऑइल पंपाने दाबूनच पोचवावं लागतं, आणि पंपाला ओढायला खाली भरपूर साठा लागतो. शिवाय डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांत पिस्टनच्या रिंगा कार्बनने चिकटून बसू लागल्या, तेव्हा ती घाण धुऊन काढणारं खास डिझेलसाठीचं ऑइल तयार करावं लागलं. म्हणजे चेंबरमध्ये जे साठतं ते इंजिनाचं वंगण असतं, तसंच त्याचं धुवणाचं पाणीही असतं. तिथेच गाळ खाली बसतो, तिथेच बाहेरचा वारा पत्र्याला लागून ऑइल थोडं निवतं. म्हणून पातळ पोलादी पत्रा दाबून केलेला, उघड्यावर लोंबणारा चेंबर हीच त्या काळच्या इंजिनांची सर्रास पद्धत होती. तो स्वस्त होता, उष्णता बाहेर टाकत होता, आणि दगड लागला की फुटत होता.

दगड कुठून आला, हेही या इतिहासात सांगायला हवं. उत्तर अमेरिकेत ट्रकचा पोलादी चेंबर बहुधा गंजून जातो, कारण हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चिखलासकट खालून उडत राहतं. आपल्याकडे, कोकणपट्टीची खारी हवा सोडली तर, गंजापेक्षा रस्त्याचा मार मोठा. १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने रस्ते हा केवळ प्रांतांचा आणि स्थानिक संस्थांचा प्रश्न नाही, देशाचा आहे, असं मांडलं. त्यातून पुढे १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात प्रांतोप्रांतीच्या मुख्य अभियंत्यांनी बसून वीस वर्षांची जी योजना आखली, तिचं एक उद्दिष्ट असं होतं, की विकसित शेतीच्या भागात कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये. ही योजना थोर होतीच. पण गाव रस्त्याला जोडलं गेलं म्हणजे तिथे डांबर पोचलं असं नव्हे. खडी-मुरमाचे रस्ते, ओढ्यावरचे फरशी पूल, साखर कारखान्यांकडे ऊस नेणाऱ्या गाड्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या वाटा, यांवर ट्रक वर्षानुवर्षं धावले. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा आणि त्यात रुतलेला धोंडा चेंबरचा खरा वैरी. पुढचा एक्सल काही प्रमाणात आडोसा देतो, पण एक्सलला जागा ठेवण्यासाठीच चेंबरचा खोल भाग त्याच्या पुढे किंवा मागे काढलेला असतो. भार भरलेला ट्रक स्प्रिंगांवर दबून खाली आला आणि मागचं चाक खड्ड्यात गेलं, की एक्सलने चुकवलेला दगड नेमका त्या खोल भागाला लागतो. घाटाच्या लांब चढणीवर तर ऑइल चेंबरच्या एका टोकाला सरकतं. तिथे चिरीतून आधीच थोडं गळून गेलेलं असेल तर गाळणी उघडी पडते आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो.

आता स्थैर्याचा मुद्दा. १९५४ च्या आधी भारतातला ट्रक म्हणजे नाना देशींच्या बनावटींची सरमिसळ होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज आणि फार्गो बांधल्या. महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेले ट्रक लिलावातून बाजारात आले. यांतले बरेच पेट्रोलवर चालत आणि सुटे भाग परदेशातून येत. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवलं, की नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा आणि इथे उत्पादन करायला तयार असतील त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डायमलर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा मर्सिडीज-बेन्झचे डिझेल ट्रक निघू लागले. मद्रासजवळ एन्नोरला १९४८ मध्ये निघालेल्या अशोक मोटर्सची १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली आणि तिच्या कॉमेट गाड्या आल्या. १९६९ मध्ये डायमलरचा करार संपला, टाटाच्या ट्रकच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा जाऊन तिथे टी आला. पण चासीत आणि इंजिनात तेवढ्याने उलथापालथ झाली नाही. मिस्त्रींच्या तोंडी असलेलं ६९७ इंजिन घ्या. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७. स्ट्रोक १२८ मिलिमीटर. डायमलरच्या ओएम ३५२ ची मापं हीच आहेत. हे घराणं थोड्याफार फरकाने नव्या शतकापर्यंत रस्त्यावर राहिलं. परवाने, कोटे आणि आयातीवरचे निर्बंध यांच्या त्या काळात ग्राहकाला दोन-तीन कंपन्यांपलीकडे निवड नव्हती. ट्रक विकत घेणाऱ्याला त्याचा जाच झालाच, त्याबद्दल दुमत नाही. पण ट्रक दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखालून एकाच घडणीचा चेंबर वर्षानुवर्षं जात राहिला, हाही त्याच व्यवस्थेचा परिणाम होता.

एकच वस्तू पुन्हा पुन्हा हाताळण्याने काय साधतं, ते चेंबर उतरवण्याचं काम जवळून पाहिल्यावर कळतं. ट्रक सपाटीला घेऊन चाकांना दगड लावायचे. इंजिन गरम असतानाच ड्रेन नट सोडायचा, म्हणजे ऑइलबरोबर गाळही सुटतो. बोल्ट काढताना चारही कोपऱ्यांतले शेवटपर्यंत ठेवायचे, नाहीतर भांडं एका अंगाला लोंबतं आणि कड वाकते. काही इंजिनांत चेंबर सुटा होऊनही बाहेर येत नाही, कारण क्रँकचा बाक आडवा येतो; मग क्रँक थोडा फिरवून वाट करून द्यावी लागते. कितीसा फिरवायचा हे पुस्तकात शोधण्यापेक्षा हाताला माहीत असलेलं बरं. चेंबर खाली आला की त्याची कड पाहायची. आधीच्या माणसाने बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळलेले असतील तर प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर उचललेला दिसतो. तसाच चढवला तर पॅकिंग फक्त बोल्टांपाशी दाबलं जातं आणि मधून ऑइल पाझरतं. म्हणून कड सपाट लोखंडावर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने भोक न् भोक खाली बसवायचं. पॅकिंग कॉर्कचं असे. दुकानात पडून पडून ते वाळतं, आखडतं, आणि भोकं जुळत नाहीत. तेव्हा ते पाण्यात भिजवून पूर्ववत करून घेतात. चढवताना मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं, एका दमात न आवळता दोन-तीन फेऱ्यांत आवळायचं, आणि इंजिन तापून निवल्यावर पुन्हा एक फेरी घ्यायची, कारण कॉर्क दबतो. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण यातल्या एकीलाही फाटा दिला तर आठवड्याभरात ट्रक गळत परत येतो.

वेल्डिंगचं काम याहून नाजूक. चेंबरच्या पत्र्यात ऑइल मुरलेलं असतं, आणि त्याच्या वाफेला ज्योत लागली तर भडका उडतो. म्हणून आधी डिझेलने, मग कॉस्टिकच्या उकळत्या पाण्याने तो धुऊन निघायला हवा. चिरीच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडतात, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग गॅसच्या ज्योतीवर ती भरून काढायची किंवा पत्र्याचा तुकडा बसवून ठिगळ लावायचं. नंतरची परीक्षा मला या सगळ्या कामातली सर्वांत देखणी वाटते. सांध्याच्या बाहेरून खडूचा किंवा चुन्याचा पातळ थर द्यायचा आणि आतून रॉकेल लावून थांबायचं. डोळ्याला न दिसणारी चीरही रॉकेल हुडकून काढतं, आणि पांढऱ्या थरावर काळसर डाग उमटतो. डाग उमटला नाही तर काम झालं. एवढ्यावरही चांगला मिस्त्री थांबत नाही. दगडाने चेंबर फुटतो तसा आत दबतोही, आणि तळ वर आला तर गाळणी त्याला टेकते. मग चेंबरमध्ये ऑइल काठोकाठ असूनही पंपाला ते ओढता येत नाही. म्हणजे ठिगळ पक्कं, गळती बंद, आणि इंजिन मात्र मेलं, असं होऊ शकतं. चेंबरचा तळ मुळात किती खोल होता, गाळणी त्यापासून किती वर राहते, हे ज्याने शाबूत चेंबर शेकड्यांनी पाहिलेत त्यालाच समोरचा वेडावाकडा पत्रा पाहून सांगता येतं. जुगाड या शब्दात ही ओळख बसत नाही. जुगाड म्हणजे समोर येईल त्याने वेळ मारून नेणं. इथे वस्तूचं मूळ रूप मनात पक्कं असल्याशिवाय हातोडी उचलताच येत नाही.

हे ज्ञान आलं कुठून? महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर त्याचे झरे ट्रकच्या आधीचे आहेत. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये पुण्यात खडकीला सुरू झाली आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने पश्चिम महाराष्ट्राच्या बागायती पट्ट्यात डिझेलची ओळख घरोघर नेली. त्या इंजिनांच्या दुरुस्तीवर आणि सुट्या भागांवर गावोगावची वर्कशॉपं आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या वसाहती पोसल्या. १९५० पासून आयटीआयमधून कारागीर शिकू लागले आणि डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम तालुक्याच्या पोरांच्या आवाक्यात आला. आणि एसटी. १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला पहिली बस सुटली, त्या महामंडळाने आगारांच्या जोडीला दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या केल्या. आगारातून इंजिन किंवा गिअरबॉक्स काढून कार्यशाळेत पाठवायचा, तिथून दुरुस्त झालेला दुसरा आणून बसवायचा आणि गाडी मार्गावर सोडायची, असा तो रिवाज. एसटीचा दाखला मला महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे मिस्त्री पगारी होता, भांडारात नोंदी होत्या आणि खरेदीचे नियम होते. तरीही तिथे दुरुस्ती ही पहिली निवड होती. दुरुस्ती केवळ नाइलाजाने होत असती तर ती फक्त रस्त्याकडेच्या टपरीत दिसली असती. एकाच घडणीच्या शेकडो गाड्या ताब्यात असल्याने कार्यशाळेला दुरुस्तीचा साचा बसवता आला. एका गाडीवर शिकलेलं दुसरीला उपयोगी पडत होतं.

यावर कोणी म्हणेल, की परकीय चलनाची टंचाई, भागांची महागाई आणि हाताला मिळणारी तुटपुंजी मजुरी एवढं कारण पुरेसं आहे. स्थैर्याची भर कशाला? टंचाई खरी होती आणि तिने दुरुस्तीची गरज निर्माण केली, हे मान्यच आहे. पण गरज असली की कसब येतंच असं नाही. महायुद्धानंतरच्या वर्षांत टंचाई पुढच्या दशकांपेक्षा कमी नव्हती, उलट जास्तच होती. तरीही त्या वेळी ट्रक चालू ठेवण्याचा मुख्य उपाय एक गाडी मोडून तिचे भाग दुसरीला लावणं हाच राहिला, कारण डॉजचा चेंबर शेव्हर्लेला बसत नाही आणि एकाचं पॅकिंग दुसऱ्याला लागत नाही. डिझेल ट्रकची घडण स्थिर झाली तेव्हा पॅकिंगं देशात बनू लागली, जिल्ह्याच्या गावी दुकानात टांगलेली दिसू लागली, आणि मिस्त्रीने पोराला शिकवलेलं त्या पोराच्या म्हातारपणापर्यंत चालू लागलं. शेजारी पाकिस्तानातही हेच दिसतं. तिथे बेडफर्ड ट्रक इतका रुजला, की जनरल मोटर्सने १९८० च्या दशकात ब्रिटनमधला बेडफर्डचा ट्रकधंदा सोडून दिला तरी तिथले मिस्त्री त्या गाड्या चालवत राहिले. आधार देणारी कंपनी उरली नसताना दुरुस्ती टिकली, ती त्या यंत्राच्या ओळखीवर. टंचाईने मिस्त्रीला चेंबर खाली उतरवायला लावलं असेल, पण तो पुन्हा न गळता वर चढला तो ओळखीच्या बळावर.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ठिगळाचा चेंबर नव्याइतका भरवशाचा नसतो, आणि वाईट वेल्डिंगने कित्येक इंजिनं बसली आहेत. हे नाकारण्यात अर्थ नाही. धुण्यात कसूर झाली तर वेल्डिंगचे कण आणि पपडी आत राहते आणि गाळणी तुंबवते. घाईत लावलेलं ठिगळ घाटात उघडतं. पण दुरुस्ती योग्य की अयोग्य हे त्या भागावर येणाऱ्या ताणावरून ठरवायला हवं. जुन्या इंजिनात सगळा भार बिडाच्या ब्लॉकवर असतो. चेंबर ऑइलचं वजन आणि इंजिनाची थरथर यापलीकडे फारसं काही सोसत नाही. त्यात दाब नाही. दाब पंपाच्या पुढे सुरू होतो. अशा भांड्याला पोलादी ठिगळ लावणं हा अभियांत्रिकीच्या दृष्टीने रास्त निर्णय होता. तोच मिस्त्री स्टिअरिंगच्या टाय रॉडला वेल्ड मारत असेल तर त्याला अडवलंच पाहिजे. कुठे ठिगळ चालतं आणि कुठे चालत नाही हा विवेक या धंद्यात सगळ्यांकडे सारखा नव्हता, हे खरं. तो कुठल्याच धंद्यात सगळ्यांकडे सारखा नसतो.

मग बदल कशाने झाला? एका फटक्यात नाही, आणि केवळ पैसा आल्यानेही नाही. १९९३ मध्ये टाटा कमिन्सची स्थापना झाली आणि जमशेदपुरात वेगळ्या घराण्याची इंजिनं बनू लागली. त्यानंतर प्रदूषणाचे नियम आले. देशभरासाठी पाहिलं तर २००० मध्ये पहिली पायरी, २००५ मध्ये भारत स्टेज दोन म्हणजे बीएस-२, २०१० मध्ये बीएस-३, १ एप्रिल २०१७ ला बीएस-४ आणि पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० ला बीएस-६. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दर दहा लाख भागांत बीएस-३ च्या ३५० वरून बीएस-४ मध्ये ५० वर आणि बीएस-६ मध्ये १० वर आली. शहरांत श्वास घेणाऱ्या प्रत्येकासाठी हे आवश्यक होतं, आणि ते आधी व्हायला हवं होतं असंच माझं मत आहे. पण चेंबरपाशी उभं राहून पाहिलं तर दिसतं ते असं, की पूर्वी जी घडण पस्तीस-चाळीस वर्षं टिकली ती आता तीन ते सात वर्षांत बदलू लागली. आवाजाचाही त्यात वाटा आहे. पातळ पत्र्याचा चेंबर ढोलकीच्या पुडीसारखा इंजिनाचा आवाज बाहेर फेकतो. युरोपात १९९० च्या दशकाच्या मध्यावर मोठ्या ट्रकांना ८० डेसिबलची मर्यादा लागू झाली, तेव्हा आवाज दाबणारे चेंबर शोधले गेले. काही इंजिनांत ओतीव अॅल्युमिनियम आलं, काहींत काचतंतू मिसळलेलं पॉलिअमाइड. अॅल्युमिनियमला पोलादासारखा पोचा पडत नाही, ते तडकतं. आणि त्यावरच्या ऑक्साइडच्या थरामुळे ते साध्या गॅसच्या ज्योतीला दाद देत नाही. प्लास्टिकच्या चेंबरला गरम ऑइलमध्ये टिकेल असं ठिगळ लावायची खात्रीची सोय रस्त्यावर नाही. काही ठिकाणी तर चेंबर ब्लॉकला ताठपणा देण्याचंही काम करतो, आणि तिथे वर सांगितलेला ताणाचा निकषच उलटा लागतो. तिथे बदलणं हाच शहाणपणा.

ऑइलही पूर्वीचं राहिलं नाही. जुन्या सहा सिलिंडर इंजिनात पंधराएक लिटर ऑइल असे आणि ते लवकर बदलावं लागे. आजच्या बारा-तेरा लिटर वर्गातल्या इंजिनात ३५ ते ४० लिटर ऑइल मावतं आणि दोन बदलांमधलं अंतर कित्येक पटींनी वाढलं आहे. याचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पूर्वी मिस्त्री दर थोड्या हजार किलोमीटरला ट्रकखाली जाई. ऑइल सोडताना पॅकिंगचा ओलावा, चेंबरचा नवा पोचा, सैल झालेला बोल्ट त्याच्या नजरेला पडे. आता ट्रकखाली जाण्याचे प्रसंगच कमी झाले. त्यात कंपन्या सहा वर्षांची किंवा सहा लाख किलोमीटरची हमी देतात, आणि त्या काळात बाहेरच्या हाताने बोल्ट सोडला तर हमीला बाधा येईल अशी धास्ती मालकाला असते. ट्रक नवा असताना तो मिस्त्रीच्या हाताखाली येतच नाही. येतो तेव्हा त्याची घडण बाजारातून गेलेली असते.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. रस्त्याकडेच्या गॅरेजांनी जमिनीचं केलेलं नुकसान. काळं ऑइल वर्षानुवर्षं मातीत ओतलं गेलं, गटारात सोडलं गेलं, सेंट्रिंगच्या फळ्यांना फासायला किंवा भट्टीत जाळायला विकलं गेलं. धातूंचे कण आणि जळक्या ऑइलमधली घातक द्रव्यं त्यातून विहिरींच्या पाण्यापर्यंत गेली. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्याच्या नियमांत आलं तरी गावच्या गॅरेजातून ते गोळा करण्याची व्यवस्था त्या नियमांइतकी पोचली नाही. कंपनीच्या वर्कशॉपात ते टाकीत जमा होतं, हा मोठा फरक आहे. मात्र यातून दुरुस्तीचा धंदा बंद व्हावा असं निघत नाही. ऑइल गोळा करायला माणूस आणि पिंप दारात आलं पाहिजे, एवढं निघतं. उलट बाजूने हेही मोजायला हवं, की ठिगळ लावून चालवलेला पोलादी चेंबर म्हणजे भट्टीत न गेलेलं पोलाद, आणि फुटलेला काचतंतूचा चेंबर वितळवून पुन्हा तसाच करता येत नाही.

माझ्या मांडणीचा शेवटचा भाग पुढच्या काळाशी निगडित आहे. स्थैर्य परत आणता येणार नाही आणि आणूही नये. नियम कडक होत राहणं चांगलं. पण स्थैर्याने मिस्त्रीला जे दिलं होतं ती वस्तूची खात्रीशीर माहिती होती, आणि माहिती दुसऱ्या मार्गानेही देता येते. युरोपीय संघाने २००९ मध्ये जड वाहनांच्या प्रदूषणाचे पुढचे नियम केले तेव्हा त्याच नियमांत स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना दुरुस्तीची माहिती उपलब्ध करण्याची अट घातली. म्हणजे यंत्र बदला, पण ते उघडण्याची किल्ली लपवू नका. आपल्याकडे २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल आदेश काढला, पण तो कारपुरता होता. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात मोटार क्षेत्र घेतलं. ट्रकच्या बाबतीत ही दिशा नेटाने पुढे न्यायला हवी, कारण आपल्याकडचे बहुतेक ट्रक अजूनही मोजक्याच गाड्या असलेल्या मालकांचे आहेत आणि गाडी उभी राहिलेला प्रत्येक दिवस त्यांच्या हप्त्यातून जातो. नव्या चेंबरचं पॅकिंग रबराचं आहे की सीलंटचं, सीलंट असेल तर ऑइल भरण्यापूर्वी ते किती वेळ सुकू द्यायचं, अॅल्युमिनियममधल्या आट्यांना बोल्ट किती टॉर्कवर आणि कोणत्या क्रमाने आवळायचे, ऑइलची पातळी मोजणारा सेन्सर कसा काढायचा आणि कसा जोडायचा: एवढा मजकूर दोन पानांत मावतो. ती दोन पानं मराठीत आणि हिंदीत, प्रत्येक इंजिनाच्या नावानिशी, आयटीआयच्या वर्गात आणि खोपोली-कसाऱ्याच्या गॅरेजात फुकट मिळतील अशी अट नवं मॉडेल मंजूर करतानाच घालता येईल.